एच.एम.एस. रिनाऊन: एकही लढाई न लढता गाजलेली युद्धनौका

जहाजवेडा
ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेच्या धाग्यावर मी फारच भरकटत चाललो होतो, म्हणून संपादकांनी हटकायच्या आत हा वेगळा धागा काढतो. तिथे प्रश्न आला होता की ड्रेडनॉट आली आणि आधीच्या सगळ्या युद्धनौका एका फटक्यात जुन्या ठरल्या, मग त्या जुन्यांचं पुढे झालं काय? बहुतेकींचं उत्तर सोपं आहे. पहिल्या महायुद्धात दुय्यम कामाला जुंपल्या, काही तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीतल्या मोहिमेत बुडाल्या, उरलेल्या भंगारात गेल्या. त्यातल्या एकीचं आयुष्य मात्र या चाकोरीतलं नाही. शिवाय तिचा मुंबईशी खराखुरा संबंध आहे.

रिनाऊन. वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या सरकारी गोदीत फेब्रुवारी १८९३ मध्ये कणा बसवला, ८ मे १८९५ रोजी पाण्यात उतरवली, जानेवारी १८९७ मध्ये काम पुरं झालं. सुमारे १२,८०० टनांची, वेग १८ नॉट (ताशी सुमारे ३३ किमी), खर्च जवळपास साडेसात लाख पौंड. १० इंची, म्हणजे नळीचं तोंड १० इंच रुंद असलेल्या, तोफा ४, सहा इंची १०.

तोफांच्या आकड्यावर जाणकार लगेच नाक मुरडतील. त्या काळी पहिल्या दर्जाच्या ब्रिटिश युद्धनौकेची तोफ १२ इंची किंवा त्याहून मोठी. मग हिची १० इंची का? झालं असं की मॅजेस्टिक वर्गाच्या नव्या जहाजांसाठी नवी १२ इंची तोफ तयार होत होती आणि तिला उशीर लागत होता. पेम्ब्रोकचे कामगार रिकामे बसवून कसं चालेल? तेव्हा आधीच्या सेंच्युरियन आणि बारफ्लर या दोन जहाजांचा आराखडा सुधारून एक जहाज उरकून घ्यायचं ठरलं. आराखडा सर विल्यम व्हाइट यांचा. आरमाराच्या सामग्री खात्याचा प्रमुख, म्हणजे कंट्रोलर, होता जॉन फिशर. हे नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट या माणसाभोवती फिरते.

सेंच्युरियनसारखी जहाजं दूरच्या ठाण्यांसाठी होती. चीनच्या समुद्रात किंवा अमेरिकेकडे रशियन आणि फ्रेंच चिलखती क्रूझरांना (युद्धनौकेहून हलक्या, वेगवान लढाऊ जहाजांना) गाठायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी वेग हवा, लांब पल्ला हवा, तोफ थोडी हलकी चालेल. फिशरला हा हिशोब मनापासून पटलेला होता. आरमारातल्या बाकीच्यांना तितकासा नव्हता, म्हणून हिच्यासारखी दुसरी झाली नाही.

तिच्या सेवेची हकीकत पुढच्या प्रतिसादात लिहितो. आधी कोणाला यात रस आहे का ते कळू दे.

मीनाक्षी_ठाणे
आहे आहे. लिहा. वाचतेय.

पेठकर
लिहा, पण इंग्रजांच्या आरमाराच्या आरत्या नकोत एवढीच विनंती.

निखिल दे.
दुसऱ्या दर्जाची युद्धनौका म्हणजे तडजोड. बंदूकही नाही आणि तलवारही नाही. दहा इंची गोळा ५०० पौंडांचा, मॅजेस्टिकचा बारा इंची ८५० पौंडांचा. समोर खरी युद्धनौका आली तर हिने करायचं काय?

जहाजवेडा
निखिलराव, समोर खरी युद्धनौका आली तर पळायचं, हेच तिचं उत्तर होतं, आणि १८ नॉटला तिला गाठेल अशी युद्धनौका १८९७ मध्ये शोधावी लागली असती. पण तुमचा आक्षेप खोटा नाही. तो धागाभर सोबत राहणारच आहे.

एका बाबतीत मात्र ती तडजोड नव्हती. तिचं चिलखत. तोवरच्या जहाजांवर बरंचसं चिलखत लोखंडावर पोलाद बसवलेलं, जोडपत्र्याचं असे. रिनाऊनचं संपूर्ण चिलखत हार्वे पद्धतीच्या पोलादाचं. या पद्धतीत पत्र्याच्या दर्शनी बाजूत भट्टीत कार्बन मुरवतात आणि मग पाण्याने झटकन थंड करतात. बाहेरची बाजू अतिशय कठीण होते, आतली चिवट राहते. गोळा बाहेर फुटतो, पत्रा मागून तडकत नाही. त्यामुळे सेंच्युरियनला कंबरेशी १२ इंच जाडी लागत होती तिथे रिनाऊनचं ८ इंचांत भागलं.

दुसरी गोष्ट आतल्या चिलखती डेकची. आधीच्या जहाजांत हा डेक कंबरपट्ट्याच्या माथ्यावर सपाट ठेवलेला असे. रिनाऊनमध्ये त्याच्या दोन्ही कडा खाली उतरत्या केल्या आणि पट्ट्याच्या तळाशी नेऊन भिडवल्या, कासवाच्या पाठीसारख्या. म्हणजे गोळ्याने बाहेरचा पट्टा भेदला तरी आत ३ इंचांचा तिरका पत्रा आडवा येणार. इंजिनं आणि दारूगोळा त्याच्या मागे. पुढे कितीतरी ब्रिटिश जहाजांत हीच मांडणी आली. तिची तोफ कोणी उचलली नाही, डेक सगळ्यांनी उचलला.

आता सेवा.

२६ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला आरमाराची पाहणी. सुमारे १६५ जहाजं रांगांत उभी, आणि त्या सगळ्यांचा ॲडमिरल सर नॉवेल सॅल्मन याचं निशाण रिनाऊनवर, म्हणजे प्रमुखाचं जहाज तीच. नव्या नवरीला थेट पाटावर बसवलं. याच दिवशी चार्ल्स पार्सन्स नावाच्या इंजिनिअरने आपली टर्बिनिया ही चिमुकली नौका त्या रांगांमधून ३४ नॉटच्या वेगाने पळवली. पाठलाग करणाऱ्या गस्तीच्या नौकांना ती सापडेना. रिनाऊनच्या पोटात वरखाली होणारी दट्ट्यांची इंजिनं होती, टर्बिनियात टर्बाइन. नऊ वर्षांनी ड्रेडनॉट निघाली ती टर्बाइनवरच.

पेठकर
तारीख बघून थबकलो. २२ जून १८९७ च्या रात्री, याच हीरकमहोत्सवाच्या समारंभातून परतताना, गणेशखिंडीत चाफेकरांनी रँडला गोळी घातली. म्हणजे तुमची रिनाऊन स्पिटहेडला नटून उभी होती तेव्हा रँड पुण्यात मरणाशी झुंजत होता (३ जुलैला गेला). प्लेगच्या वर्षात इथे घरं उघडून माणसं ओढून नेत होते आणि तिकडे १६५ जहाजांची दिवाळी. आरत्या नकोत म्हटलं ते याचसाठी.

जहाजवेडा
आरती नाहीच. उलट हे इथे आलं ते बरं झालं. या जहाजाचं बहुतेक आयुष्य साम्राज्याचा थाट मिरवण्यात गेलं, आणि तो थाट कोणाच्या खर्चाने चालला होता हे विसरून तिची गोष्ट सांगता येणार नाही.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये फिशर उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज ठाण्याचा प्रमुख झाला. स्वतः कंट्रोलर असताना बांधून घेतलेलं जहाज त्याने आपल्या निशाणासाठी घेतलं. हिवाळ्यात बर्म्युडा, उन्हाळ्यात हॅलिफॅक्स असा या ठाण्याचा रिवाज. नाचाचं फिशरला जबर वेड, त्यामुळे रिनाऊनवर पाहुणे आणि बॅंड यांची ददात नव्हती. पण माणूस नुसता नाचणारा नव्हता. १८९८ मध्ये सुदानमधल्या फाशोदावरून फ्रान्सशी युद्ध पेटायची वेळ आली तेव्हा त्याने बेत रचला होता की डेव्हिल्स आयलंड या फ्रेंचांच्या तुरुंगबेटावर छापा घालायचा, हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून तिथे डांबलेल्या फ्रेंच कॅप्टन ड्रेफसला सोडवायचं आणि नेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवायचं. ड्रेफस खटल्यावरून फ्रेंच सैन्यात आणि समाजात आधीच उभी फूट पडली होती, त्यात हा पेटता बोळा. युद्ध टळलं, बेत कागदावर राहिला.

मीनाक्षी_ठाणे
ड्रेफसला पळवायचा बेत! आणि हे रिनाऊनवरून?

जहाजवेडा
निशाण तिच्यावर होतं, म्हणजे त्याचं मुख्यालयच ती. प्रत्यक्ष छाप्यात कोणती जहाजं गेली असती हा पुढचा प्रश्न.

१८९९ च्या उन्हाळ्यात फिशर हेगच्या शांतता परिषदेला ब्रिटनचा आरमारी प्रतिनिधी म्हणून गेला (शांतता आणि फिशर, चालू द्या). तिथून थेट भूमध्य समुद्राच्या ताफ्याचा प्रमुख. मुक्काम माल्टा. हा ब्रिटनचा सगळ्यांत महत्त्वाचा ताफा, त्यात पहिल्या दर्जाच्या युद्धनौका होत्या. रिवाजाप्रमाणे प्रमुखाचं निशाण त्यांतल्या एखादीवर असायला हवं. फिशरने रिनाऊन सोबत आणली आणि निशाण तिच्यावरच ठेवलं. त्याच्या हाताखालचा लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड हा रॅमिलीजवर होता, म्हणजे साडेतेरा इंची तोफांच्या जहाजावर. वरिष्ठ दहा इंचीवर, कनिष्ठ साडेतेरावर!

माल्टाची ही तीन वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत कामाची, असं माझं मत आहे. तोवर भूमध्य ताफ्यात रंगरंगोटी आणि पितळ घासणं याला तोफबाजीपेक्षा मान होता. फिशरने लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा सराव लावला, पूर्ण वेगाने जहाजं पळवायला लावली, तरुण अधिकाऱ्यांना लेख लिहायला लावले, स्वतः तासन्तास व्याख्यानं दिली. आधी १२ नॉटला धापा टाकणारा आणि मधेच बंद पडणारा ताफा १५ नॉटला न अडखळता चालू लागला. ही कबुली बेरेसफर्डची आहे, जो पुढे फिशरचा हाडवैरी झाला. त्यामुळे तिला वजन आहे.

निखिल दे.
हे सगळं फिशरचं कर्तृत्व. जहाजाचं काय? त्याने ते रॅमिलीजवरूनही केलं असतं.

खाडीकाठचा
निखिलशी सहमत. शिवाय तिच्या आधीच्या दोघींनी निदान युद्ध पाहिलं. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सरांचा उठाव झाला तेव्हा सेंच्युरियन आणि बारफ्लर तिथेच होत्या. सेंच्युरियनचा कॅप्टन जेलिको पेकिंगकडे निघालेल्या ॲडमिरल सीमोरच्या तुकडीत जबर जखमी झाला, बारफ्लरवरचा बीटी त्येनत्सिनला जखमी झाला. १६ वर्षांनी जटलंडच्या लढाईत, जर्मन ताफ्यासमोर, ब्रिटिश आरमाराची मुख्य दोन माणसं हीच. त्याच सुमारास रिनाऊन माल्टाला दुरुस्तीत आणि कवायतीत. ज्या कामासाठी तो आराखडा काढला होता, ते काम या दोघींनी केलं. हिने नाही.

जहाजवेडा
खाडीकाठचा, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधायची गरजही वाटत नाही. फिशरने तिला आपल्याजवळ ठेवलं म्हणून ती चीनला गेली नाही.

जून १९०२ मध्ये फिशर माल्टाहून गेला आणि तिचं नशीब पालटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोर्ट्समथला तिच्या मेन डेकवरच्या सहाही सहा इंची तोफा काढून टाकल्या. का, तर तिथे खोल्या करायच्या होत्या. ड्यूक ऑफ कॅनॉट आणि त्याची बायको यांना दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात न्यायचं होतं. हा व्हिक्टोरियाचा मुलगा, मुंबईला नवखा नव्हता. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. १ जानेवारी १९०३ चा कर्झनचा दरबार आटोपून मार्चपर्यंत ही फेरी झाली. तेव्हापासून आरमारात तिला ‘बॅटलशिप यॉट’ म्हणू लागले. यात कौतुक किती आणि टोमणा किती ते तुम्हीच ठरवा.

मग थोडे दिवस परत भूमध्य, मे १९०४ मध्ये राखीव ताफ्यात. पुढचं आता सावकाश सांगतो, कारण ही खरी गंमत आहे.

ऑक्टोबर १९०४ मध्ये फिशर फर्स्ट सी लॉर्ड झाला. म्हणजे आरमाराचा सर्वेसर्वा. आल्या आल्या त्याने जुन्या जहाजांवर कुऱ्हाड चालवली. ज्यांना लढताही येत नाही आणि पळताही येत नाही अशी जहाजं ठेवायची कशाला, हा त्याचा सवाल. दीडशेहून अधिक जहाजं यादीतून गेली. रिनाऊन त्या कुऱ्हाडीतून वाचली. फेब्रुवारी १९०५ पासून पोर्ट्समथला तिच्यावर पुन्हा सुतार चढले. उरलेल्या सहा इंची तोफाही उतरवल्या. आता ती प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जला, हिंदुस्थानात नेणार होती.

पोर्ट्समथ आणि तारखा दोन्ही नीट पाहा. २ ऑक्टोबर १९०५ ला त्याच गोदीत ड्रेडनॉटचा कणा बसवला. ८ ऑक्टोबरला रिनाऊन तिथून निघाली. मधे सहा दिवस. १० फेब्रुवारी १९०६ ला ड्रेडनॉट पाण्यात उतरली तेव्हा रिनाऊन राजपुत्राच्या दौऱ्यावर इकडेच होती. ७ मे १९०६ ला ती परत पोर्ट्समथला आली तेव्हा तिच्यासारख्या सगळ्या जहाजांना मोडीत काढणारं जहाज तिथे उभं होतं. आणि ड्रेडनॉटमागचा माणूस कोण? फिशरच.

मीनाक्षी_ठाणे
काय योगायोग आहे! अंगावर काटा वगैरे नाही, पण हसू आलं. स्वतःच्या लाडकीला स्वतःच म्हातारी करून टाकली.

पेठकर
मुंबईचा भाग नीट लिहा हो. मला वाटतं गेटवे ऑफ इंडिया याच दौऱ्यासाठी बांधला.

खाडीकाठचा
नाही पेठकर. गेटवे १९११ च्या आगमनाचा. तेव्हा तोच माणूस राजा होऊन आला होता, आणि आला तो मेदिना या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीने. बांधून पुरा व्हायला १९२४ उजाडलं. १९०५ ला अपोलो बंदर होतं, गेटवे नव्हता.

जहाजवेडा
बरोबर. राजपुत्र आणि राजपुत्री जेनोआला जहाजावर चढले. सोबतीला टेरिबल ही मोठी क्रूझर. ९ नोव्हेंबर १९०५ ला मुंबई. अपोलो बंदरावर उतरले. तेव्हा मुंबई पालिकेचे अध्यक्ष फिरोजशहा मेहता. ११ नोव्हेंबरला राजपुत्राच्या हस्ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसवली, तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अलेक्झांड्रा डॉकची, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकची कोनशिलाही याच मुक्कामात.

इथून ते रेल्वेने उत्तरेकडे गेले. कलकत्त्याहून रंगून आणि रंगूनहून मद्रास हा प्रवास पुन्हा समुद्राने. शेवट कराचीला, मार्च १९०६ मध्ये, तिथून घरी.

पेठकर
मग दुसरी बाजू मी लिहितो. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली. त्याच महिन्यात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, टिळकांच्या उपस्थितीत, तरुण सावरकरांच्या पुढाकाराने. फाळणीच्या दिवशी जहाज वाटेत होतं. राजपुत्र मुंबईत होता त्याच नोव्हेंबरात व्हाइसरॉय कर्झन मुंबईहूनच परत गेला आणि त्याच्या जागी मिंटो आला. म्हणजे फाळणी करणारा निघाला, निस्तरणारा उतरला आणि मधे पाहुण्यांची मिरवणूक.

डिसेंबरात बनारसला काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष आपले गोखले. तिथे राजपुत्राच्या स्वागताचा ठराव आला तेव्हा लाला लजपतराय आणि टिळक यांनी विरोध केला. लोक उपाशी आणि आपण स्वागत कसलं करतो, असा सूर. शेवटी समेट होऊन ठराव झाला, पण विरोधक मंडपातून उठून गेले. मवाळ आणि जहाल यांची जी फूट सुरतेला १९०७ मध्ये उघडी पडली तिची एक चीर इथे दिसते. ठिणगी कशावरून, तर तुमच्या रिनाऊनच्या उतारूंवरून.

जहाजवेडा
पेठकर, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा चांगला आहे. मला बनारसचा ठराव माहीत होता, पण तो या फेरीशी जोडून पाहिला नव्हता.

आबा_दापोली
आमच्या आजोळी कोकणातले बरेच जण आगबोटीवर होते, त्यामुळे मला वेगळंच कुतूहल. एवढ्या थाटाच्या जहाजावर राजाराणीच्या खोल्यांच्या खाली भट्ट्या धगधगत असणार. तिथे कोण होतं? आमच्याकडच्या बोटींवर आगवाले वेगळे, खलाशी वेगळे, भंडारी वेगळे.

जहाजवेडा
आबा, युद्धनौकेवर सगळे आरमाराचेच नोकर, स्टोकर म्हणून भरती झालेले गोरे. ८ बॉयलर, सगळे कोळशाचे. राजपुत्राच्या खोल्या तोफांच्या जागी केल्या होत्या, म्हणजे त्यांना बाजूने वारा होता. लाल समुद्रातून जाताना खाली भट्टीपाशी काय होत असेल ते तुमच्या आजोळच्यांनी जास्त चांगलं सांगितलं असतं. आणि योग बघा, जहाजाचं शेवटचं काम याच लोकांसाठी होतं. १९०९ च्या नोव्हेंबरपासून तिला स्टोकरांचं शिक्षण जहाज केलं. नवशिक्या पोरांना कोळसा नुसता भट्टीत लोटून चालत नाही. तो सारखा पसरायचा, राखेची ढेकळं काढायची, धूर कमी ठेवायचा, वाफेचा दाब टिकवायचा, ही शिकायची कामं आहेत. राजघराण्याच्या दिमतीपेक्षा हे काम मला जास्त मोलाचं वाटतं.

मधली दोन वर्षं: मे १९०७ मध्ये तिला ‘दुय्यम राजनौका’ असा हुद्दा मिळाला. त्याच वर्षीच्या शेवटी स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आणि राणी व्हिक्टोरिया युजेनी यांना इंग्लंडला आणणं आणि परत पोहोचवणं. बस्स.

नोव्हेंबर १९११ मध्ये पाणी वाहणाऱ्या एका बोटीशी टक्कर, किरकोळ नुकसान. तिच्या सेवेतली ‘चकमक’ म्हणायची तर हीच. जानेवारी १९१३ मध्ये मोडीत काढायच्या यादीत, डिसेंबरात पोर्ट्समथजवळ मदरबँकला नांगरून ठेवली. २ एप्रिल १९१४ ला लिलाव, किंमत ३९,००० पौंड, ब्लाइथला नेऊन तोडली.

निखिल दे.
एप्रिल १९१४! ऑगस्टमध्ये महायुद्ध. चार महिने थांबले असते तर ही पण दार्दानेल्सला गेली असती.

खाडीकाठचा
गेली असती तर मॅजेस्टिकच्या शेजारी तळाला असती. मॅजेस्टिक २७ मे १९१५ ला गेली, त्याच्या दोन दिवस आधी ट्रायम्फ. दोन्ही एकाच जर्मन पाणबुडीने, यू-२१ ने. शिवाय रिनाऊनवर बाजूच्या तोफा उरल्याच नव्हत्या. टॉर्पेडो बोटी आल्या तर काय खोल्यांच्या खिडक्यांतून हात दाखवायचे?

निखिल दे.
ट्रायम्फ दहा इंचीवाली ना? चिलीसाठी बांधलेली?

खाडीकाठचा
हो, ट्रायम्फ आणि स्विफ्टशुअर. चिलीकडून ब्रिटनने १९०३ मध्ये विकत घेतल्या, नाहीतर त्या रशियाच्या हाती लागल्या असत्या. म्हणजे दहा इंची तोफांची, हलकी, वेगवान युद्धनौका नको नको म्हणत असताना तशीच दोन दुसऱ्याची घ्यावी लागली. आणि स्विफ्टशुअर १९१३ पासून आपल्याच भागात होती, ईस्ट इंडीज ठाण्याची मुख्य नौका. १९१४ च्या शरदात मुंबईहून एडनला जाणारे हिंदी फौजांचे ताफे तिने सांभाळून नेले, मग सुएझ कालव्याच्या रक्षणाला. रिनाऊनची धाकटी चुलत बहीण म्हणा. मुंबईच्या दृष्टीने तिच्यावर वेगळा धागा हवा.

जहाजवेडा
तुम्हीच काढा, मी प्रतिसादांत येतो.

निखिलरावांच्या मूळ आक्षेपावर माझं म्हणणं लिहून टाकतो. युद्धनौका म्हणून रिनाऊन फसली यात वाद नाही. पण फिशरने पाच वर्षं तिच्यावरून ताफे चालवताना वेग आणि लांबचा मारा यांची जी चव घेतली, ती पुढे त्याने सोडली नाही. ड्रेडनॉटला २१ नॉट आणि टर्बाइन आले ते याच हट्टातून. १९०८ मध्ये इन्व्हिन्सिबल वर्गाच्या बॅटलक्रूझर सेवेत आल्या. युद्धनौकेच्या तोफा, क्रूझरचा वेग आणि चिलखत पातळ. रिनाऊनचाच हिशोब, फक्त वजन चिलखतातून काढलं. जटलंडला त्याची किंमत मोजली. इन्व्हिन्सिबल फुटली, हजाराहून जास्त माणसं गेली. रिनाऊनने स्वतः कोणाला मारलं नाही, पण तिच्यावर पक्की झालेली आवड निरुपद्रवी नव्हती.

निखिल दे.
हे ओढूनताणून वाटतं. फिशर रिनाऊनच्या आधीपासूनच वेगाचा भोक्ता होता. जहाज त्याच्या मताचा परिणाम आहे, कारण नाही.

जहाजवेडा
तिथे आपलं जमणार नाही. कागदावरचं मत आणि पाच वर्षं पायाखाली चाललेलं मत यात फरक पडतो असं मला वाटतं.

मीनाक्षी_ठाणे
माझा एक साधा प्रश्न. आमच्याकडे सासऱ्यांच्या पेटीत एक जुनं पोस्टकार्ड आहे. मुंबई बंदर, मोठी युद्धनौका, खाली नाव रिनाऊन. साल पुसलंय. विकणारे दोघे-तिघे १९२१ म्हणाले. ती हीच का?

जहाजवेडा
मीनाक्षीताई, इथे हमखास गोंधळ होतो. प्रिन्स ऑफ वेल्सला नोव्हेंबरात मुंबईला घेऊन आलेल्या रिनाऊन दोन आहेत. १९०५ ची ही, आणि १७ नोव्हेंबर १९२१ ची दुसरी, १९१६ मध्ये बांधून झालेली बॅटलक्रूझर, १५ इंची सहा तोफांची. तिने आणलेला राजपुत्र म्हणजे पंचम जॉर्जचा मुलगा एडवर्ड.

पेठकर
आणि त्या दिवशी काँग्रेसचा बहिष्कार, परळला गांधींच्या हस्ते विदेशी कापडाची होळी, मग शहरात चार दिवस दंगल. १९०५ ला मंडपातून उठून जाणं, १९२१ ला हे. सोळा वर्षांत किती पुढे गेलो बघा.

जहाजवेडा
हो. तर ओळखायचं असं. धुराडी बघा. जुन्या रिनाऊनची दोन धुराडी शेजारी शेजारी आहेत. समोरून फोटो असेल तर दोन खांबांसारखी दिसतील आणि अगदी बाजूने असेल तर एकामागे एक लपून एकच वाटेल. नव्या रिनाऊनची पुढे आणि मागे, बाजूने स्पष्ट दोन. लांबीही बघा. जुनी ४१२ फूट, आखूड आणि उंच दिसते. नवी जवळपास ८०० फूट, लांबलचक. कार्डावर शेजारी होड्या असतील तर त्यावरून चटकन अंदाज येईल. काठाशी गेटवेचं बांधकाम दिसत असेल तर प्रश्नच मिटला, १९२१.

मीनाक्षी_ठाणे
धुराडं एकच दिसतंय, जाड. जहाज बाजूने आहे. गेटवे नाही, नुसत्या होड्या.

जहाजवेडा
मग जुनीच. स्कॅन करून टाका ना इथे, बाजूच्या तोफांच्या जागी खोल्यांच्या खिडक्या दिसतात का ते बघू.